इरिडियम, प्लॅटिनम की साधा निकेल? स्पार्क प्लग बदलायचेत, पण जेवढी तोंडं तेवढी मतं

तिसरा_गिअर
मंडळी, मदत हवी आहे. पेट्रोल गाडी, चार सिलेंडर, १.२ लिटर, टर्बो नाही. मॅन्युअलमध्ये साधे निकेलचे प्लग दिलेत, ४०,००० किमीला बदला म्हणतात, आणि काटा तिथे पोचत आलाय. सकाळी थंड इंजिन चालू केलं की थोडं थरथरतं, बाकी काही तक्रार नाही.

चौकशी केली आणि डोकं चक्रावलं. एक जण म्हणतो इरिडियम टाका, पिकअप बघा कसा येतो. दुसरा म्हणतो प्लॅटिनम घाला आणि विसरून जा. तिसऱ्याच्या मते तांब्यासारखी ठिणगी कुणाचीच नाही, रेसवालेही तेच वापरतात. वर चार दांड्यांचे (मधल्या टोकासमोर एकाऐवजी चार बाहेरचे इलेक्ट्रोड असलेले) प्लगही दाखवून झाले, 'चारी बाजूंनी ठिणगी पडते' म्हणून. महाग घेऊन खरंच काही पदरात पडतं का, एवढं कुणी नीट समजावेल का?

फुलथ्रॉटल
डोळे झाकून इरिडियम. मी घातले आणि गाडीच बदलल्यासारखी वाटली. पिकअप, ॲव्हरेज, सगळंच सुधारलं. साध्या प्लगचे दिवस गेले राव.

पाना_सोळा
फुलथ्रॉटल, काढलेले प्लग किती चालले होते ते सांगा आधी. बहुतेक वेळा लोक झिजलेले निकेल काढून कोरे इरिडियम घालतात आणि मग फरकाचं सगळं श्रेय इरिडियमला देतात. त्या जागी कोरे निकेल घातले असते तरी गाडी तशीच खुलली असती. तुलना करायची तर नव्याची नव्याशी करा. सुस्थितीतल्या साध्या इंजिनात नवा निकेल आणि नवा इरिडियम यांच्यातला ताकदीचा फरक सीटवर बसून कळण्याइतका नसतो.

तिसरा_गिअर, तुमच्या प्रश्नाचं छोटं उत्तर: मॅन्युअलमध्ये जो कोड दिलाय तोच घ्या. आता लांब उत्तर.

पहिली गोष्ट, 'तांब्याचा प्लग' असा कुठे नसतो. तांबं असतं ते आतल्या गाभ्यात, उष्णता बाहेर ओढून न्यायला, आणि ते आजच्या बहुतेक सगळ्या प्लगमध्ये असतं, इरिडियमवाल्यातही. ठिणगी ज्या टोकावरून उडते ते टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं. उघडं तांबं ज्वलनकक्षात टिकणारच नाही, ते १,०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. निकेल १,४५५, प्लॅटिनम १,७६८, इरिडियम २,४४६. या आकड्यांतच सगळी गोम आहे. दर ठिणगीला टोकाचा अगदी सूक्ष्म कण उडून जातो. धातू जितका कणखर आणि वितळायला अवघड, तितकी झीज कमी.

आणि ठिणग्या किती पडतात याचा अंदाज हवा असेल तर हिशोब करा. ताशी ६० च्या वेगाला इंजिन २,४०० आरपीएमवर आहे असं धरू. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे मिनिटाला १,२००. त्या वेगाला मिनिटाला एक किलोमीटर. म्हणजे ४०,००० किमीत एका प्लगने ४ कोटी ८० लाख ठिणग्या टाकल्या. निकेलचं टोक गोल होतं, गॅप (मधलं टोक आणि समोरची दांडी यांतलं अंतर) वाढते, त्यात नवल ते काय.

ओहमचा_नियम
पानासाहेबांनी धातूचं सांगितलं, मी विजेचं सांगतो.

कणखर धातूचा दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा आहे: टोक बारीक करता येतं. निकेलच्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड साधारण २.५ मिमी जाड असतो. तेवढा जाड नाही ठेवला तर तो लवकर झिजून संपेल. इरिडियममध्ये तोच ०.६ मिमी, डेन्सोच्या काही प्लगमध्ये तर ०.४ मिमी. बारीक टोकावर विद्युतक्षेत्र एकवटतं, त्यामुळे कमी व्होल्टेजला ठिणगी उडते. शिवाय ज्योतीचा जो पहिला इवलासा गोळा तयार होतो, त्याची उष्णता जाड धातूच्या टोकात शोषली जात नाही. म्हणून थंड इंजिनात, आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू), पातळ मिश्रणात इरिडियम जरा गुळगुळीत चालतो. हा फायदा खरा आहे. पण मिश्रण पेटवण्याचं काम निकेलही व्यवस्थित करत असेल, तर त्याहून चांगली ठिणगी देऊन जास्त ताकद कुठून येणार? मिश्रण पेटलं की पेटलं. पुढची ताकद हवा-पेट्रोलची आहे, प्लगची नाही.

फुलथ्रॉटल
म्हणजे आम्ही मूर्ख? 🙂 आयडलिंगला फरक पडतो हे तुम्हीच मान्य करताय की.

ओहमचा_नियम
अहो, तसं कुठे म्हटलं! तुमचा अनुभव खरा असू शकतो, कारण वेगळं असेल एवढंच. जुन्या प्लगची गॅप १.१ वरून १.३-१.४ मिमीवर गेली असेल, तर कॉइलला (बॅटरीच्या विजेचं व्होल्टेज वाढवून प्लगला देणारा भाग) दर ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज उभं करावं लागतं. चढावर पूर्ण एक्सलेटर दाबला की सिलेंडरमधला दाब वाढतो आणि लागणारं व्होल्टेज आणखी चढतं. कॉइल कमी पडली की एखादी ठिणगी गाळली जाते आणि गाडी झटका देते. नवा प्लग घातला की हे सगळं एका दमात जातं. दाब आणि अंतर यांचं व्होल्टेजशी असलेलं हे नातं फ्रीडरिश पाशेनने १८८९ मध्येच मांडलंय, तेव्हा गाड्या नुकत्याच रांगायला लागल्या होत्या.

टर्बोताई
इथे माझा मुद्दा घालते, कारण माझी गाडी टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनची (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारणारी) आहे. दाब मुळातच जास्त, म्हणून कंपनीने गॅपच ०.७ ते ०.८ मिमी दिलीय आणि प्लग इरिडियमचे. अशा गाडीत 'साधे टाकून वारंवार बदलू' हा विचारही करू नका. उलटही तितकंच खरं: साध्या गाडीचा १.१ गॅपचा इरिडियम प्लग 'चांगला आहे' म्हणून टर्बोत घातलात तर टर्बोच्या पूर्ण दाबाला ठिणगी विझेल.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये आणखी एक भानगड असते. इंजेक्टरचा फवारा प्लगच्या जवळून जातो, म्हणून काही इंजिनांत प्लगची बाहेरची दांडी कोणत्या दिशेला तोंड करून बसते यालाही महत्त्व असतं. तिथे कंपनीचा प्लग आणि कंपनीने दिलेलाच टॉर्क (आवळण्याचा जोर), दोन्ही पाळावे लागतात.

तिसरा_गिअर
छान माहिती मिळतेय. माझी टर्बो नाही, त्यामुळे तो ताप नाही. पण मग प्लॅटिनमचं काय? आणि चार दांड्या?

पाना_सोळा
प्लॅटिनम मधला मार्ग. निकेलपेक्षा पुष्कळ टिकतो, इरिडियमपेक्षा मऊ, म्हणून टोक तितकं बारीक करता येत नाही. पण घेताना 'सिंगल' की 'डबल' हे बघावंच लागतं. सिंगलमध्ये फक्त मधल्या टोकावर प्लॅटिनम, डबलमध्ये समोरच्या दांडीवरही त्याची टिकली लावलेली असते. हाच भेद इरिडियममध्येही आहे. काही इरिडियम प्लगमध्ये मधलं टोक इरिडियमचं आणि समोरची दांडी साधी निकेलची. ते वापरायला उत्तम, पण 'एक लाख किमी विसरा' म्हणून जी जाहिरात असते ती दोन्ही टोकांना मौल्यवान धातू असलेल्या प्लगची. अर्ध्या इरिडियमची दांडी आधी झिजते आणि मधलं टोक तसंच कोरं राहतं. एकाच कंपनीच्या दोन 'इरिडियम' डब्यांत इतका फरक असू शकतो, आणि डब्यावरच्या मोठ्या अक्षरांत तो दिसत नाही.

चार दांड्यांचं थोडक्यात. ठिणगी एका वेळी एकाच दांडीवर उडते, ज्या वाटेला विरोध सगळ्यात कमी त्या वाटेने. ती झिजली की पुढची. म्हणजे ते झीज वाटून घेणं आहे, चार ठिणग्या नव्हेत. ज्या इंजिनासाठी कंपनीने दिलेत तिथे बेलाशक वापरा, तुमच्या गाडीला गरज नाही.

ओहमचा_नियम
डबल का लागतो याचं विजेच्या बाजूचं कारण फार मजेशीर आहे, म्हणून मध्येच घुसतो.

काही गाड्यांत दोन सिलेंडरना मिळून एकच कॉइल असते, पहिला-चौथा एका कॉइलवर, दुसरा-तिसरा दुसऱ्या. कॉइल दोन्ही प्लगना एकाच वेळी ठिणगी देते. एका सिलेंडरला ती उपयोगी पडते, दुसऱ्यात त्या वेळी एक्झॉस्टचा स्ट्रोक चालू असतो, तिथे वाया जाते. पण वीज एका प्लगमधून मधल्या टोकाकडून दांडीकडे जाते आणि दुसऱ्यात बरोबर उलटी, दांडीकडून मधल्या टोकाकडे. म्हणजे अर्ध्या प्लगचं मधलं टोक झिजतं, अर्ध्यांची दांडी. तिथे सिंगल प्लॅटिनम घातलात तर चारपैकी दोन प्लगमध्ये मौल्यवान धातू चुकीच्या बाजूला बसतो. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर वीज सगळ्यांत एकाच दिशेने वाहते आणि हा प्रश्नच येत नाही.

बॉनेट उघडून बघा. वरचं प्लॅस्टिक कव्हर काढल्यावर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक काळी कॉइल दिसली तर स्वतंत्र. जाड वायरी दिसल्या तर वाटून दिलेली, किंवा फार जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर (एका कॉइलची वीज पाळीपाळीने प्लगना वाटणारा भाग).

वाचनमात्र
वाचनखूण साठवली. इतकी वर्षं गाडी चालवतोय पण हे माहीत नव्हतं. एक भाबडा प्रश्न: माझी डिझेल आहे. तिला कोणता प्लग चांगला?

काजळी
डिझेलला स्पार्क प्लगच नसतो हो! 😀 डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटतं. तुमच्या गाडीत ग्लो प्लग असतात, थंडीत चालू होताना कक्ष गरम करायला. त्यांचं दुखणं वेगळं, वेगळा धागा काढा.

गॅसवाला
माझी सीएनजीवर चालते आणि मला वाटतं इथे गणित थोडं बदलतं. पेट्रोलवर सुतासारखी चालणारी गाडी गॅसवर टाकली की मिसिंग मारायची (मधूनच ठिणगी चुकायची), असा अनुभव अनेकांना असेल. सीएनजी म्हणजे मुख्यतः मीथेन, आणि तो पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे जरा झिजलेला प्लग, जरा थकलेली कॉइल, चिरलेली वायर, सगळं आधी गॅसवर उघडं पडतं. निकेलचे प्लग गॅसवर लवकर उतरतात असंही दिसलं. आता बारीक टोकाचे घालतो आणि मी समाधानी आहे.

पाना_सोळा
गॅसवाल्यांशी सहमत. बारीक टोकाचा पैसा वसूल होतो तो टर्बो आणि गॅस या दोन ठिकाणी, आणि तिसरं म्हणजे जिथे प्लगपर्यंत हात पोचायलाच मॅनिफोल्ड (सिलेंडरना हवा पोचवणाऱ्या पाइपांचा जोड) उतरवावं लागतं अशी व्ही६ इंजिनं. तिथे मजुरीच इतकी असते की स्वस्त प्लग महाग पडतो. तिसरा_गिअर यांची गाडी या तिन्हींत बसत नाही.

गॅसच्या जुन्या मिक्सर किटबद्दल एक इशारा. तिथे इनटेकची (हवा आत नेणारी) सगळी पाइप गॅसने भरलेली असते. ठिणगी चुकली किंवा अवेळी पडली की इनटेकमध्ये भडका उडतो आणि एअर फिल्टरचा डबा फुटतो. अशा गाडीला प्लगची चालढकल परवडत नाही. आणि काही कंपन्या गॅसच्या मॉडेलला पेट्रोलपेक्षा कमी गॅप देतात, तेव्हा पेट्रोल मॉडेलचा आकडा त्यावर लावू नका.

निवांत_चालक
सगळे धातूवर बोलताय, पण माझ्या मते निवडताना धातू दुसऱ्या नंबरवर. पहिला नंबर हीट रेंजचा. त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

पाना_सोळा
बरं झालं काढलंत. मी तिकडेच येत होतो.

हीट रेंज म्हणजे ठिणगी किती गरम हे नव्हे. प्लगचं टोक स्वतःची उष्णता हेडकडे (सिलेंडरवरचा भाग, ज्यात प्लग बसतो) किती लवकर सोडतं, ते. आतलं पांढरं सिरॅमिकचं नाक लांब असेल तर उष्णतेला वाट लांब, टोक गरम राहतं, तो 'गरम' प्लग. नाक आखूड तर 'थंड'. टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. त्याखाली राहिलं तर काजळी साठते, ती वीज वाहून नेते आणि ठिणगी उडण्याऐवजी वीज काजळीवरून परस्पर हेडमध्ये पळते. दुसरीकडे ८५० च्या पुढे गेलं की टोक निखाऱ्यासारखं तापून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवायला लागतं. तिथून पुढे पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. एका हीट रेंजने टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा फरक पडतो, म्हणजे दोन पायऱ्या चुकलात तर खेळ संपला.

आणि गंमत म्हणजे कंपन्यांचे आकडे एकमेकांच्या उलट चालतात. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा मोठा तितका गरम. शिवाय एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०. तेव्हा 'तिकडे ६ होता म्हणून इकडेही ६' असं कधीच करायचं नाही. कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यात गाडीचं मॉडेल शोधायचं.

तिसरा_गिअर
माझ्या मॅन्युअलमध्ये 'बीकेआर६ई-११' असं लिहिलंय. म्हणजे यातला ६ म्हणजे हीट रेंज का?

पाना_सोळा
बरोबर. पूर्ण वाचायचा तर 'बीके' म्हणजे १४ मिमीचे आटे आणि १६ मिमीचा पाना. 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे. ६ ही हीट रेंज. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. शेवटचे ११ म्हणजे १.१ मिमी गॅप. यातलं एकही अक्षर बदललं तर प्लग बदलला असं समजा. बारीक टोकाचा हवा असेल तर त्याच कोडमध्ये शेवटी 'आयएक्स' जोडलेला मिळतो: बीकेआर६ईआयएक्स-११. बाकी सगळं तेच.

आट्यांची लांबी फार लोक बघत नाहीत. जास्त लांब प्लग बसवलात तर पिस्टन वर येऊन त्यावर आदळू शकतो. आखूड बसवलात तर हेडचे खालचे आटे उघडे राहतात, त्यात काजळी भरते, आणि पुढच्या वेळी योग्य प्लग घालायला गेलं की आटेच सोलून निघतात.

ओहमचा_नियम
'आर'कडेही दुर्लक्ष नको. साधारण ५ किलोओहमचा रेझिस्टर आत असतो. तो नसलेला प्लग घातलात तर रेडिओत खरखर ऐकू येईल, ते एकवेळ चालेल. पण त्याच गोंगाटाने सेन्सरच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ होऊ शकते, आणि मग भलतीच कारणं शोधत बसाल.

काजळी
थोडं अवांतर. विजेच्या ठिणगीने गॅस पेटवायची युक्ती एतियेन लेन्वारने १८६० मध्ये आपल्या इंजिनात वापरली होती. पण आजच्या प्लगची खरी सुरुवात १९०२ ची, जेव्हा रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातल्या गोटलोब होनोल्डने उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारं छोटं जनित्र) आणि त्याला जोडून चालणारा प्लग बनवला. त्यानंतर मूळ आराखडा फारसा बदललेलाच नाही: मध्ये धातू, भोवती सिरॅमिक, बाहेर आटे. एवढ्या वर्षांत इंजिन कुठल्या कुठे गेलं.

रविवारचा_मेकॅनिक
तिसरा_गिअर, स्वतः बदलणार असाल तर करा, अवघड नाही. पण घाई नको. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना आटे हातचे जातात. कॉइल काढली की प्लगच्या खड्ड्यात आधी हवा मारा, नाहीतर तिथली वाळू थेट सिलेंडरमध्ये. एका वेळी एकच प्लग काढा आणि कोणता कुठला होता ते क्रमाने मांडून ठेवा. नवा प्लग पान्याने सुरू करायचा नाही. रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर अडकवून बोटांनी फिरवा. आटे वाकडे लागत असतील तर नळी घसरते आणि तुम्हाला लगेच कळतं. पाना असता तर त्याने जबरदस्तीने आटे कापले असते.

टॉर्क रेंच असेल तर १४ मिमीच्या वॉशरवाल्या प्लगला २५ ते ३० न्यूटन मीटर. नसेल तर हाताने घट्ट झाल्यावर नव्या वॉशरला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. जुनाच प्लग परत घालत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, तेव्हा एक बारांश फेरा पुरे. काही प्लगना वॉशर नसतो, शंकूसारखी बैठक असते, त्यांना सोळावा हिस्सा. त्यापेक्षा जास्त आवळायची सवय ज्यांना आहे त्यांनी कृपया दुसऱ्याच्या गाडीवर सराव करावा.

फुलथ्रॉटल
आटे जाम होऊ नयेत म्हणून ग्रीस लावायचं ना? मी तर नेहमी लावतो.

रविवारचा_मेकॅनिक
नको. एनजीकेसारख्या कंपन्या स्वतःच नको म्हणतात, कारण आट्यांवर आधीच मुलामा असतो. ग्रीस लावलं की आटे घसरट होतात, रेंच तोच आकडा दाखवतो पण प्रत्यक्षात प्लग जास्त आवळला जातो. डायइलेक्ट्रिक ग्रीस कॉइलच्या रबरी बुटाच्या आतल्या कडेला बोटाने थोडंसं लावा, ते चालतं. आट्यांना नाही.

आणि गॅपबद्दल. निकेलच्या प्लगची गॅप फीलर गेजने तपासून बाहेरची दांडी हलकेच वाकवून जुळवता येते. इरिडियमला ते जाडजूड नाण्याच्या आकाराचं गेज अजिबात घुसवू नका, ०.६ मिमीचं टोक कडाकट मोडतं. तपासायचीच असेल तर तारेच्या गेजने, मधल्या टोकाला न टेकवता. इरिडियम ठिसूळ असतं. त्याच कारणासाठी त्याला तारेच्या ब्रशने घासायचं नाही, आणि फरशीवर पडलेला प्लग कोणताही असो, घालायचा नाही. सिरॅमिकला डोळ्यांना न दिसणारी चीर गेलेली असते.

टर्बोताई
नकली मालाबद्दलही कुणीतरी सांगा. इरिडियमच्या नावाखाली काय काय खपतं!

पाना_सोळा
ओळखायला काही खुणा. आटे गुळगुळीत, चमकदार आणि कडा नसलेले हवेत. वॉशर प्लगवरून सहज निघून हातात येत असेल तर शंका घ्या, चांगल्या प्लगचा वॉशर आट्यांत अडकून फिरतो. सिरॅमिकवरची छपाई नखाने खरवडून निघता कामा नये. मधलं टोक बरोबर केंद्रात आहे का, दांडी त्याच्या डोक्यावर सरळ आली आहे का, हे भिंगाखाली बघा. आणि चारही प्लगची गॅप मोजा. कारखान्याचा माल असेल तर चौघांत फरक जवळपास नसतो. एका डब्यातल्या दोन प्लगमध्येच तफावत दिसली तर परत करा.

निवांत_चालक
यावरून एक भर. नकली इरिडियमपेक्षा अस्सल निकेल कधीही चांगला. 'अपग्रेड'च्या नादात लोक अस्सल कोडचा साधा प्लग सोडून अनोळखी डब्यातला चकचकीत घेतात.

तिसरा_गिअर
मंडळी, ठरलं. स्वतंत्र कॉइल आहेत, टर्बो नाही, गॅस नाही, प्लगपर्यंत हात सहज पोचतो. त्यामुळे मॅन्युअलमधलाच निकेलचा कोड घेतला आणि बदलले. सकाळची थरथर गेली. फुलथ्रॉटल, रागावू नका, पुढच्या वेळी आयएक्सचा विचार करीन. 🙂

काढलेले प्लग क्रमाने मांडले होते. पहिला, दुसरा आणि चौथा फिकट तपकिरी. सिरॅमिकवर धातूच्या कडेशी एक तपकिरी कडं दिसतंय, ते सिलेंडरमधला वायू गळल्याचं का? आणि तिसऱ्याचं टोक बाकीच्यांसारखंच आहे, पण बाहेरचं पांढरं सिरॅमिक आणि कॉइलचा बूट तेलाने माखलेला होता. पिस्टनच्या रिंगा गेल्या की काय, या विचाराने झोप उडालीय.

ओहमचा_नियम
कड्याचं सोडा. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण सिरॅमिककडे खेचले जातात आणि तिथे डाग बसतो. गळती नाही, दोषही नाही. मात्र सिरॅमिकवर वरून खाली उभी काळी रेघ असेल तर ती वीज बाहेरून पळाल्याची खूण. तशीच रेघ बुटाच्या आतही उमटलेली असते, आणि मग नुसता प्लग बदलून भागत नाही, बूटही बदलावा लागतो. नाहीतर नवा प्लग त्याच वाटेने वीज सोडतो.

काजळी
टोकाचे रंगही नोंदवून ठेवा. फिकट तपकिरी किंवा राखाडी म्हणजे सगळं ठीक. कोरडी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, किंवा गाडी नुसती थोड्या थोड्या अंतरावर फिरते आणि टोक तापतच नाही. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे जास्त तापतंय. ओलं, काळं, चिकट असेल तर तेल. विटकरी लाल थर दिसला तर पेट्रोलमध्ये टाकलेल्या लोहयुक्त ऑक्टेन बूस्टरचा संशय घ्या. तो थर वीज वाहतो आणि चांगल्या प्लगलाही मिसिंग करायला लावतो.

पाना_सोळा
झोप घ्या, रिंगा नाहीत. रिंगांतून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल उतरलं असतं तर प्लगचं ज्वलनकक्षातलं टोक ओलं-काळं असतं. तुमचं टोक स्वच्छ आणि तेल वर, म्हणजे ते टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) बाजूने आलंय. प्लगच्या खड्ड्याभोवती रबरी गोल सील असतं, ते कडक झालं की तेल झिरपून खड्ड्यात साठतं. सील टॅपेट कव्हरच्या पॅकिंगबरोबरच मिळतं. काही गाड्यांत कव्हरमध्येच बसवलेलं असतं, ते विचारून घ्या.

फार दिवस लांबवू नका. तेलाने बुटाचं रबर फुगून मऊ पडतं, मग ठिणगी बाहेर पळते, आणि कोड वाचणारं यंत्र 'पी०३०३' म्हणजे तिसऱ्या सिलेंडरचा मिसफायर दाखवतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी ताणू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणारा एक्झॉस्टमधला भाग) जाऊन पेटतं, आणि त्याच्यापुढे प्लगचा खर्च काहीच नाही. तोवर खड्ड्यातलं तेल कापडाने टिपून घ्या, बूट कोरडा करा आणि तिसरी कॉइल पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा उघडून बघा.

तिसरा_गिअर
जीव भांड्यात पडला. पॅकिंग आणि सील मागवतो. कव्हर काढताना बोल्ट कोणत्या क्रमाने सोडायचे?

रविवारचा_मेकॅनिक
सोडताना बाहेरून आत, आवळताना मधून बाहेर, आणि दोन टप्प्यांत. हे बोल्ट अगदी हलक्या टॉर्कचे असतात, आकडा तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळेल. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा, लोखंडी पात्याने नको. आणि कव्हर उघडण्याआधी प्लग जागेवर बसलेले असू द्या, म्हणजे काही पडलं तरी सिलेंडरमध्ये जाणार नाही.